सात गाणी, दोन सुपाऱ्या

माझ्या स्वभावात एक खोट आहे. मी आधी शब्द देऊन बसते आणि मग विचार करते. नवरा म्हणतो, तुझी जीभ तुझ्यापुढे चार पावलं चालते. अलिबागला एका वकिलाकडे टायपिस्ट म्हणून मी जन्म काढला. दुसऱ्यांचा शब्द न् शब्द तपासून कागदावर उतरवला, आणि स्वतःचे मात्र वाऱ्यावर सोडत आले. त्या खोटीपायी गेल्या माघात माझ्या हातून एका बाईचं वाटोळं व्हायचं राहिलं. जे झालं ते इतकं उलट झालं, की आठवलं तरी मी अजून एकटीच हसते.

ती बाई म्हणजे आमची गायिका. आमची म्हणायचा मला पुरता हक्क आहे, कारण तिचा पहिला अल्बम आला तेव्हापासून मी तिच्या नावानं भांडत आले आहे. आधी ऑफिसात, मग घरात, आणि आता फोनवरच्या ग्रुपात. ती अलिबागच्या पलीकडे, खाडी ओलांडल्यावर लागणाऱ्या कोळीवाड्यातली. तेव्हा तिचा आवाज उंच आणि धारदार होता. बँजोवाल्यांनी वाद्य कितीही वर चढवलं तरी ती त्याच्या वर जाऊन बसायची. थळपासून श्रीवर्धनपर्यंत तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. नवरीच्या बापाला रडू फुटायचं ते तिच्या त्या वरच्या सुरावर, पोरगी सासरी निघाली म्हणून नव्हे. आम्ही तिला बाप रडवणारी म्हणायचो.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज खाली आला. नुसता खाली नाही, त्याला एक खरखर आली. बरी झाल्यावर पहिल्याच हळदीत तिनं ते जुनं गाणं धरलं आणि वरच्या सुराला आवाज मांडवातच फाटला. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी व्हिडिओ काढला, आणि आठवड्याभरात तो किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या फोनांत गेला. त्यानंतर दोन घरांनी तिला दिलेली सुपारी परत घेतली.

मुंबईत सुपारी म्हटलं की लोक भलतंच समजतात. आमच्याकडे गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला बोलावणं करायचं ते नारळ-सुपारी देऊन. गाणारी ती सुपारी देव्हाऱ्यात ठेवते आणि कार्य पार पडलं की मांडवातच फोडून घरच्यांना वाटते. अख्खी सुपारी परत मागायला जाणं म्हणजे तोंडावर सांगणं, बाई, तुझं आता काही राहिलं नाही. एक सुपारी परत आली तर लोक म्हणतात, घरच्यांचंच काहीतरी बिनसलं असेल. दोन आल्या तर कुजबुज सुरू होते. तिसरी आली की त्या माणसाचं नाव किनाऱ्यावरून पुसलं जातं. तिच्या दोन परत गेल्या होत्या. पुढे पाच वर्षं तिला कुणी सुपारी दिली नाही, आणि तिनं गाणंही काढलं नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर ग्रुपवर तिचा निरोप आला तेव्हा मी खुर्चीतून उठले. सात गाण्यांचा नवा अल्बम करते आहे, माघात येईल. आणि खाली एक मागणं: तुमच्या तुमच्या किनाऱ्यावरचे आवाज फोनवर टिपून पाठवा, मला गाण्यात घालायचे आहेत. झालं, आमच्या चाळीस-पन्नास बायका आवाज टिपायला लागल्या. श्रीवर्धनच्या एका मैत्रिणीनं सुपारीच्या वाडीतली झावळ्यांची सळसळ पाठवली. तिचं माहेर-सासर दोन्ही सुपारीच्या व्यापारातलं, नवरा मस्कतला. कुणी रहाटाचा आवाज पाठवला, कुणी बोंबील वाळत घालताना बायकांचं चाललेलं भांडण. मी थळच्या बंदरावर दोन-तीन संध्याकाळी हात उंच करून उभी राहिले, जे काही सापडलं ते पाठवून दिलं आणि विसरून गेले.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? त्याच सुमाराला आमच्या घरात लग्न ठरलं होतं. माझ्या थोरल्या जावेची मुलगी, माझी पुतणी, अलिबागच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. वैशाखातली तारीख धरली होती. हळदीला कोण, हे ठरायचं होतं. थोरलीच्या मनात पनवेलकडचा डीजे होता. मी तोंड उघडायच्या आत तिनं हात वर करून मला गप्प केलं, कारण मी कुणाचं नाव घेणार हे तिला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी मी श्रीवर्धनहून मैत्रिणीनं पाठवलेली चांगली रोठा सुपारी पर्समध्ये टाकली, एक नारळ घेतला आणि खाडीपलीकडे जाऊन गायिकेच्या हातात ठेवून आले. तिनं लगेच हात पुढे केला नाही. तिच्या त्या नव्या, जाडसर आवाजात विचारलं, "घरात विचारलंत ना?"

"म्हणजे काय! थोरलीनंच पाठवलंय," मी म्हणाले.

हे धडधडीत खोटं होतं. घराची सुपारी थोरल्या सुनेनं द्यायची असते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तिनं सुपारी घेतली, कपाळाला लावली आणि आत देवापुढे ठेवली. तिची पाठ माझ्याकडे होती तेवढ्यात मी स्वतःला मनातल्या मनात दोन थोबाडीत मारून घेतल्या. पण परत फिरले नाही.

थोरलीला कळायला चार दिवस लागले. मीच बोलून गेले, दुसरं कोण सांगणार. थोरली माझ्यासारखी तडतडत नाही. ती गप्प होते आणि ते जास्त वाईट असतं. खळ्यावर, म्हणजे आमच्या मासळी सुकवायच्या अंगणात, ती बारीक कोळंबीचा जवळा पसरत होती. पसरून झाला, हात झटकले आणि म्हणाली, "अल्बम येतोय ना तिचा? येऊ दे. हितं खळ्यावर सगळ्याजणी ऐकू. आवाज असंल तर असंल. नसंल, तर माझ्या पोरीच्या हळदीत लोकांना हसायला मी बोलवायची न्हाय. तू सोता जायचं आनि सुपारी मागून आनायची."

"तिसरी सुपारी परत गेली तर ती संपेल, वैनी."

"ते सुपारी देताना आठवलं न्हाय?"



थोरलीबद्दल एक सांगायला हवं. मी अलिबागच्या एका कारकुनाची मुलगी, लग्न होऊन थळला आले तेव्हा मला बांगडा आणि तारली यांतला फरक कळत नव्हता. सगळ्यात मोठी फजिती हाकेची. बोटीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाक मारायची असते, आणि माझी हाक दहा पावलांवर विरून जायची. थोरलीनं मला वाळूत उभं केलं, माझ्या पोटावर तळहात दाबला आणि म्हणाली, "नरड्यातून नको. हितनं काढ. नरड्यातली हाक वारा खातो, पोटातली पोचते." महिनाभर ती मला रोज सकाळी ओरडायला लावायची. अख्खा कोळीवाडा हसायचा. पण महिन्यानंतर माझी हाक नवऱ्याला बोटीवर ऐकू गेली, आणि तो इतका दचकला की हातातलं दोरखंड सुटलं. आवाजातलं थोरलीला कळतं ते असं, संगीत न शिकता. तिच्या निकालाला मी भीत होते ते त्यामुळेच.

अल्बमचा दिवस उजाडला. सकाळी दहाला फोनवर येणार होता. मी आदल्या दिवशी रजा टाकली होती, वकीलसाहेबांना कारण काय सांगितलं ते विचारू नका. पुतणीनं तिचा मोठा स्पीकर आणला आणि खळ्याच्या समुद्राकडच्या बांधावर ठेवला, कारण बाकी सगळीकडे जवळा पसरलेला होता. आम्ही चौदाजणी जवळा निवडायला बसलो. बारीक जवळ्यातून खडे, शिंपल्या, चुकार मासळी बाजूला काढायची, हे काम. थोरली मधोमध. तिचा नवरा, माझे मोठे दीर, बोट घेऊन आदल्या दिवशीच गेले होते, ते आणखी दोन दिवसांनी येणार होते.

पहिलं गाणं सुरू झालं. सुरुवातीला नुसता तिचा आवाज. कसलं वाद्य नाही, कसला आडोसा नाही. ती खरखर तशीच्या तशी ठेवलेली. मला वाटलं होतं, मशीनवर घासून-पुसून गुळगुळीत करतील. तिनं काही म्हणजे काही लपवलं नव्हतं.

 एक म्हातारी म्हणाली, "बाप्याचा आवाज हाय काय?"

दोघी-तिघी हसल्या. पुतणी फोनवर लोक काय लिहितात ते वाचत होती. "काकी, एकानं लिहिलंय, सर्दी झाली की अल्बम काढायचा का? दुसरा म्हणतोय, जुनी परत द्या."

"तू ते वाचू नको," मी म्हणाले. "त्या मेल्यांना एक ओळ तरी गाता येते का विचार."

"सगळेच नाय गो तसं लिहीत. एकीनं लिहिलंय, डोळ्यांत पाणी आलं."

"ते वाच की मग आधी!"

दुसरं गाणं चालीचं होतं, पाय हलवणारं. त्यात जिथं पूर्वी ती वर गेली असती, तिथं ती थांबली आणि मागच्या बायकांनी तो सूर उचलला. मला ते आवडलं, पण थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं तर काही कळेना. ती जवळा निवडत होती. हात एकाच गतीनं चालले होते. गाणं बरं लागलं की तिचा हात थांबतो, हे मला ठाऊक होतं. थांबला नव्हता.

"वैनी, कसं वाटतंय?"

"मशिनीतलं गानं. मशिनीत काय खरं आनि काय खोटं, कोन सांगनार?" ती म्हणाली. "सात झाली की बोलंन."

मी गायिकेच्या दारात जाऊन सुपारी मागते आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येऊ लागलं. कुठल्या शब्दांत मागायची याची मी जुळवाजुळवसुद्धा केली. शब्द सापडेनात.

तिसरं गाणं संपलेल्या दुसऱ्याला चिकटून सुरू झालं नाही. बराच वेळ काहीच नव्हतं. आम्हाला वाटलं, नेट गेलं. पुतणी फोन बडवायला लागली. आणि तेवढ्यात समुद्राच्या बाजूनं, लांबून, इंजिनाचा आवाज आला. पक-पक-पक, आणि चौथ्याला एक ठसका. पक-पक-पक, ठसका.

हे इंजिन थळमध्ये एकाच बोटीचं आहे. थोरलीच्या. चौथ्या ठोक्याला ते खोकतं, गेली कित्येक वर्षं खोकतं, दीर ते दुरुस्त करत नाहीत कारण त्यावरून बायको ओळखते. बोट दोन दिवस आधी परत येणं म्हणजे कुठल्याच घराला चांगली बातमी नसते. एक तर इंजिन बिघडलेलं असतं किंवा माणूस.

थोरली उठली.  पदर खोचला, शेजारची मासळीची पाटी उचलली आणि धावत सुटली. तिच्यामागे आम्ही सगळ्या. जवळा तुडवत, सुपं उलथी पाडत, चौदाजणी बांधावरून खाली वाळूत. मीही. मी तर सगळ्यांच्या पुढे होते, कारण दिरांना रक्तदाब आहे आणि त्यांच्या गोळ्या या खेपेला घरीच राहिल्या होत्या, हे मला एकटीला माहीत होतं.

ओहोटी होती. पाणी पार मागे गेलेलं. आम्ही ओल्या वाळूतून धावत पाण्याच्या कडेला पोचलो आणि उभ्या राहिलो. समुद्र रिकामा. दोन नांगरलेल्या होड्या आणि लांब मालवाहू जहाज, बस.

आणि इंजिन आमच्या पाठीमागून वाजत होतं.

कुणाच्या आधी लक्षात आलं ते सांगता येणार नाही. माझ्या सगळ्यात शेवटी आलं असावं. मीच टिपलेलं इंजिन! कार्तिकातल्या संध्याकाळी हात वर करून उभी होते, दीर बोट आत आणत होते. मीच पाठवलं, मीच विसरले, आणि मीच सगळ्यांच्या पुढे धावत आले. मला हसूही फुटत होतं आणि थोरलीच्या तोंडाकडे बघवतही नव्हतं. मशिनीतलं खरं काय, म्हणणारी बाई मशिनीतल्या आवाजामागे पाटी घेऊन दोनशे पावलं धावली होती. आता माझी धडगत नाही, असंच मला वाटलं.

तोवर इंजिन विरलं आणि तिचा आवाज सुरू झाला.

तेव्हा दहा वाजून गेले होते. खारा वारा सुटला होता, समुद्राकडून घराकडे. अशा वाऱ्यात किनाऱ्यावरची बाई बोटीला हाक मारते ती वाऱ्याच्या तोंडात मारते. स्पीकर तिकडे बांधावर, आम्ही इकडे पाण्याजवळ, वारा आमच्याकडून त्याच्याकडे. बँजो आमच्यापर्यंत पोचत नव्हता. ढोलकीचे तुकडे तुकडे येत होते. मागच्या बायकांचे बारीक आवाज वाऱ्यानं केव्हाच खाल्ले होते. पण तिचा आवाज येत होता. जाड, खरखरीत, एकही शब्द न सांडता. बोटीला बोलावत होती ती. आज जाळ्यात काही लागलं नसेल तर नसू दे, रिकामी आलीस तरी ये, असं म्हणत होती.

थोरली वळली होती. पाटी तिच्या कमरेला तशीच होती. तिनं मान थोडी कलती केली, बोटीचा कानोसा घेताना करते तशी. गाण्याचं एक कडवं झालं, दुसरं झालं. आमच्यातली एकही हलली नाही. पाणी आमच्या पायांपर्यंत येऊन परत जात होतं.

मग थोरलीनं स्वतःच्या पोटावर तळहात ठेवला.

"ही हितनं गाते," ती म्हणाली. "पयली गात होती ती नरड्यातनं. गोड होती, पन नरड्यातनं. आता हितनं गाते."

  मला माझं ते वाळूतलं ओरडणं आठवलं, पोटावर दाबलेला हाच तळहात आठवला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ऑपरेशननं तिचा गळा काढून घेतला होता, आणि ही बाई पाच वर्षं घरात बसून खालून, पोटातून, नवा आवाज वर ओढत होती. रहाटानं पाणी ओढावं तसा. तो वाऱ्याविरुद्ध दोनशे पावलं चालून आमच्यापर्यंत आला होता.

"रडतेस काय?" थोरली मला म्हणाली. "ते इंजिन तू पाठवलंस ना?"

"हो."

"मेले," ती म्हणाली. "जीव गेला असता माझा." आणि ती हसायला लागली. थोरली हसते तेव्हा तिचे खांदे हलतात, आवाज येत नाही. मग बाकीच्या हसल्या, त्यांचा आला. ती म्हातारी तर वाळूतच बसली. कोण धावताना पडलं, कुणाची चप्पल कुठं राहिली, कुणी कुठल्या देवाला काय बोललं, याची उजळणी करत आम्ही परत निघालो.

खळ्यावर कावळ्यांनी मेजवानी मांडली होती. एरवी एका कावळ्यापायी अख्खा कोळीवाडा डोक्यावर घेणारी थोरली त्यांना नुसती "हाट" म्हणाली आणि आपल्या जागेवर बसली. "पयल्यापासून लाव," तिनं लेकीला सांगितलं.

पहिल्यापासून लावलं. मघा बाप्याचा वाटलेला आवाज आता कुणाला तसा वाटेना, किंवा वाटला तरी कुणाला त्याचं काही नव्हतं. चौथ्या गाण्याला सुपांवर ठेका धरला गेला. पाचवं संथ होतं, त्यात श्रीवर्धनच्या झावळ्यांची सळसळ निघाली आणि मी ओरडून सगळ्यांना सांगितलं की ही माझ्या मैत्रिणीच्या वाडीतली. सहावं हळदीचं. ते तर तिनं असं बांधलं होतं की खालचा धागा तिचा आणि वरचा सगळा मांडवातल्या बायकांचा. ती एक ओळ टाकते आणि वरचा सूर बायकांनी घ्यायचा. एकटीनं वर चढून दाखवायचं गाणं नव्हतं ते, सगळ्यांना वर चढवायचं होतं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तो वरचा सूर थोरलीनं घेतला. हात थांबले होते. सगळ्यांचेच थांबले होते. त्या दिवशीचा जवळा अर्धाही निवडून झाला नाही.

ग्रुप भरून वाहत होता. श्रीवर्धनची मैत्रीण आवाजी निरोप पाठवून रडत होती: "अगो, मी मस्कतला पाठवलं, तो बोलतो डबे खाली ठेवून सगळे ऐकत उभे राहिले. माशाल्ला, काय आवाज झालाय! आपली झावळी ऐकलीस काय?" जुनी परत द्या म्हणणाराही परत आला होता. त्यानं लिहिलं होतं, चारदा ऐकलं, माझी चूक झाली. मी त्याला माफ केलं. त्या दिवशी मी सगळ्यांना माफ करत सुटले होते.

सातवं गाणं संपल्यावर थोरली उठली, घरात गेली आणि बाहेर आली ती मूठ मिटून.

"तुझी सुपारी ही घराची सुपारी न्हाय," ती मला म्हणाली. "थोरलीनं दिल्याबिगर घराची व्हत न्हाय. चल, मी माझी देऊन येते. रिक्षा बोलाव."

"आत्ता? जेवण तरी..."

"आत्ता. उद्या तिच्या दारात रांग लागंल."

तर आम्ही दोघी हातांना जवळ्याचा वास, पायाला वाळू, अशा अवतारात रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं नाकाला रुमाल लावला. थोरलीनं वाटेत मूठ उघडली नाही. खाडीवरच्या पुलावर मी विचारलं, "मी खोटं बोलले होते तिच्याशी. तुम्हीच पाठवलंय म्हणाले होते." थोरली म्हणाली, "आता झालं ना ते खरं."

गायिकेचं घर बैठं, पुढे तुळस, पलीकडे जाळी टाकलेली. ती पडवीत भाकरीचं पीठ मळत होती. रिक्षा थांबली, तिनं वर पाहिलं, मला ओळखलं. मग माझ्यामागून उतरणाऱ्या थोरलीला पाहिलं. तिच्या मिटल्या मुठीकडे, तिच्या न हसणाऱ्या तोंडाकडे. थोरली नव्या माणसासमोर हसत नाही, त्याला मी काय करू?

गायिकेचे हात पिठात थांबले. ती उठली. आम्हाला या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. तशीच आत गेली. मला वाटलं, पाणी आणायला गेली असेल. ती बाहेर आली तेव्हा तिच्या पिठाच्या तळहातावर माझी रोठा सुपारी होती, हळदीकुंकू लावलेली. तिनं तो हात थोरलीपुढे केला.

"घ्या," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं, यांनी घरात विचारलेलं नाही. तरी घेतली मी. पाच वर्षांत कुणी दिली नव्हती हो. अल्बम होईपर्यंत तरी देवापुढे असू दे म्हटलं. रोज तिच्याकडे बघून गात होते." मग हळूच म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला सवय आहे."

 

थोरलीनं तिचा तो हात धरला. सुपारी उचलली नाही. स्वतःची मूठ उघडली आणि आपली सुपारी त्या सुपारीशेजारी ठेवली. मग तिची बोटं एकेक करून दोन्ही सुपाऱ्यांवर मिटवली.

"ती धाकलीची," थोरली म्हणाली. "ही थोरलीची. हळद आनि लगीन, दोनी दिस गायचं. दुसऱ्या कोनाला तारीख देशील तर बघ."

गायिका मुठीकडे बघत राहिली. मूठ उघडून पुन्हा बघितली, पुन्हा मिटली. पीठ लागलेल्या मनगटानं डोळे पुसले तर सगळं कपाळ पांढरं झालं. थोरलीनं पदराच्या टोकानं ते पुसून दिलं, आपल्याच लेकीचं पुसावं तसं, आणि म्हणाली, "भाकऱ्या कर आता. आमी निघतो. माझा जवळा कावळ्यांच्या तोंडी हाय."

रिक्षा सुरू झाली. वळणावर थोरलीला काहीतरी आठवलं. तिनं बाहेर डोकं काढलं आणि बोटीला मारते तसली हाक मारली: "आवाज वर नको चढवूस गो! हाय तसाच आन!"

रिक्षा घरघरत होती, समोरून वाळूचा डंपर येत होता, वारा होताच. पडवीतून एकच शब्द आला.

"आणते!"

रिक्षावाल्यानं दचकून मागे पाहिलं. त्याला वाटलं, कुणीतरी मागच्या सीटवरूनच बोललं.